माझ्या पायाशी साचलेला गाळ

मित्रांनो, धरणाच्या भिंतीलगत पाण्यात उभी असलेली, रंग उडालेली लोखंडी पट्टी तुम्ही कधी पाहिली आहे का? तीच मी, एक जुनी मोजपट्टी. मला इथे रोवले तेव्हा रंगाऱ्याने जीभ दातांत धरून माझ्या अंगावर आकडे काढले. "बाई गं, आता तुला विचारल्याशिवाय कुणाला घोटभर पाणी मिळायचं नाही!" तो म्हणाला. मी तर अगदी हरखून गेले.

तेव्हापासून मी अर्धी माशांत आणि अर्धी पाखरांत राहते. वारा पडला की ढग माझ्या कमरेशी येऊन बसतात. मग आभाळ वर की खाली, हेच मला कळेनासे होते आणि डोळा लागतो.

पावसाळा संपला की धरणावर बैठक भरते. शहराला प्यायला पाणी हवे, कालव्याखालच्या बागांना हवे, वीजघरालाही हवे. पाणी एक आणि तहानलेले तिघे! माझा आकडा वाचायचा, त्यावरून साठा धरायचा आणि वाटण्या करायच्या, अशी इथली रीत. पुढे मात्र लोक कठड्यावरूनच दुर्बिणीने आकडा वाचू लागले. माझ्याजवळ कुणी फिरकेना. अंगावर शेवाळ चढले.

आणि दर पुराबरोबर डोंगरावरची माती येत होती. आधी पायांना गुदगुल्या झाल्या. मग घोटे बुडाले, मग गुडघे. वरचा आकडा तोच, पण खाली पाण्याची जागा गाळाने घेतलेली. साठ्याचा हिशेब मात्र जुन्याच खोलीवर चालू! मला ओरडून सांगावेसे वाटे. पण पट्टीला तोंड कुठे असते?

एका उन्हाळ्यात धरणावरच्या इंजिनीअरबाई होडीतून माझे शेवाळ खरवडायला आल्या. होडी लोटताना त्यांचे वल्हे चिखलात रुतले. त्यांनी दोरीला दगड बांधून खाली सोडला. दोरी लगेच सैल पडली.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या आणि होडी पुढे नेऊन आणखी चार ठिकाणी दगड सोडून बघू लागल्या. दुसऱ्याच दिवशी कालव्याला शेवटचे पाणी सुटायचे होते. ते सगळे सोडले असते, तर पाऊस येण्याआधी शहराचे नळ कोरडे पडले असते. आणि त्याच कालव्यावर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची रोपवाटिका होती.

भाऊ तणतणत कठड्याशी आला. "ताई, पट्टीवर आकडा धडधडीत दिसतोय, आणि तू अर्धंच पाणी देणार?"

"अरे, आकडा वरचा आहे. खाली नुसता गाळ आहे."

"माझी रोपं जळतील गं! जगाची तहान दिसते तुला, भावाची नाही?"

"दिसते रे राजा. पण पिण्याचं पाणी आधी," बाई म्हणाल्या. वीजघराचे पाणी त्यांनी आधीच बंद केले होते. आता याहून जास्त देण्यासारखे काहीच उरले नव्हते. भाऊ मागे न बघता निघून गेला. मला फार वाईट वाटले.

पावसाने त्या वर्षी ओढ दिली. शहर कसेबसे तगले. अर्धी रोपे मात्र वाळली. पाणी अगदी तळाला गेले, तेव्हा भाऊ काठी घेऊन एकटाच माझ्यापाशी आला. त्याने काठी खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. मग ओला गाळ हातात घेऊन त्याने चुरला, हुंगला.

"ताई," त्याने वर कठड्यावरच्या बाईंना हाक मारली, "हे तर सोनं आहे! माझ्या रोपांना दे की. तुझं धरण मोकळं होईल."

"ने रे बाबा, सगळं ने!" बाई हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

गाड्या भरभरून गाळ गेला. नंतर एका दुपारी, मी पेंगत असताना, नवे पाणी हळूच माझ्या पावलांशी आले. कितीतरी वर्षांनी माझे पाय भिजले, मित्रांनो! आता दर उन्हाळ्यात बाई दोरीला दगड बांधतात आणि होडी भाऊ वल्हवतो. तुम्हीही धरणावर आलात तर माझा आकडा जरूर वाचा. पण कुणाला पाण्याचा शब्द देण्याआधी, माझ्या पायाशी काय आहे तेवढे विचारा.