आमच्या कारखान्याची भिंत

आमच्या ह्यांचा एक कारखाना आहे. म्हणजे कंपनी दुसऱ्या कुणाची, जमीन तिसऱ्याची, आणि आत बनतात त्या कॉम्प्युटरच्या चिप ह्यांनी जन्मात हातात धरलेल्या नाहीत. पण शेअर घेतल्या दिवसापासून आमच्या घरात 'आमचा कारखाना' असंच म्हणायची रीत पडली. कंपनी आहे त्याच्या दुप्पट मोठा नवा कारखाना बांधणार अशी बातमी आली, तेव्हा तर हे असे ताठ बसले, जणू विटा आमच्याच परसातून जाणार होत्या.

कौतुकाला ना नव्हती. पण घातलेले पैसे लेकीच्या दवाखान्याचे होते. ती फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्यांच्या हाताखाली राबून कंटाळली होती. गल्लीच्या तोंडाशी तळमजल्यावरची एक खोली तिने हेरली होती, आणि मालकाला डिपॉझिट महिनाअखेर हवं होतं, नाहीतर खोली सलूनवाल्याला जाणार. त्या पैशांतले निम्मे ह्यांनी 'दुप्पट करून देतो' म्हणत शेअरमध्ये घातले. उरलेले निम्मे आमच्या दोघांच्या नावाने बँकेत होते.

"बाबा, डिपॉझिटचं काय?" लेक विचारायची.

"अगं, कारखाना उभा राहू दे."

"कधी राहणार?"

"चार वर्षं. फार तर पाच."

"मालक महिनाअखेर म्हणतोय."

"त्याला दूरदृष्टी नाही."

ह्यांची दूरदृष्टी शेजारच्या ठेकेदार भावजींकडून आलेली. भावजींनी जन्मभर इमारती बांधल्या, आणि निवृत्तीनंतर तेच शेअर घेतले. गुंतवणूक कशी डोळ्यांनी बघून करावी, असं त्यांचं मत. म्हणून दोघं बसने कारखान्याची जागा बघायला गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने ह्या दोन 'मालकांना' काही ओळखलं नाही. मग भावजींनी कुंपणाच्या भिंतीवर टकटक केली, कान लावला, नखाने सिमेंट खरवडलं. हे विटांच्या ढिगावर चढून पलीकडे डोकावले आणि उतरताना कंबरेत उसण भरून घेतली.

संध्याकाळी हे सोफ्यावर आडवे आणि भावजी चहाचा कप घेऊन खुर्चीत.

"वहिनी, भिंत म्हणजे भिंत आहे! अशी भिंत बांधणारी कंपनी बुडत नसते."

"आणि आत काय दिसलं?" मी विचारलं.

"खड्डा," हे कण्हत म्हणाले. "पण काय खड्डा! नजर पोचत नाही."

"त्यात कुणाचे पैसे जातायत, बाबा?" लेकीने विचारलं.

"त्याला विस्तार म्हणतात. तुला नाही कळायचं."

"कळतंय की. खर्च आज, नफा झाला तर पाच वर्षांनी. आणि तोवर चिपचा भावच पडला तर?"

"शुभ बोल नाऱ्या!" हे ओरडले आणि कंबर धरून पुन्हा आडवे झाले.

भिंत इतकी पक्की निघाल्यावर उरलेले निम्मेही त्यातच घालायचे ठरले. मला विचारायची तसदी कुणी घेतली नाही. फक्त बँकेत नंबर माझ्या फोनचा होता, आणि सकाळी जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, उठत नाही. फोन बंद करून कपाटात, किल्ली कमरेला. लग्नापासूनचा नेम. पण कारखानदार माणसाने काय काय ध्यानात ठेवावं!

"अगं, ओटीपी यायचाय! फोन दे," हे माझ्यामागे येऊन उभे राहिले.

मी मणी सरकवला.

"बाजार उघडेल. भाव वर जाईल!"

दुसरा मणी.

"देव दहा मिनिटं थांबतील गं, ओटीपी थांबत नाही!"

"वहिनी, नुसती मान हलवून कपाट तरी दाखवा," दारातून भावजी.

देव थांबतात हे अगदी खरं. म्हणून काय त्यांना घाईघाईत उरकायचं? त्या दिवशी दोन माळा जास्तच झाल्या.

मी उठले तोवर कंपनीचं निवेदन आलं होतं. नव्या कारखान्याचा खर्च अंदाजापेक्षा बराच वाढणार. पैसा उभारायला कंपनी आणखी शेअर काढणार. काही वर्षं लाभांश मिळणार नाही. थोडक्यात, ताट तेवढंच, जेवणारे वाढले, आणि वाढपी म्हणतोय नंतर या. भाव धाडकन पडला.

"मी आधीच म्हणत होतो," हे म्हणाले. काय म्हणत होते, ते सांगितलं नाही.

"भिंतीत दोष नाही हो," भावजी पुटपुटले.

मी कपाट उघडून फोन सुरू केला. "हं, कुठला आकडा हवा होता?"

ह्यांनी सोफ्याच्या पाठीकडे तोंड वळवलं.

निम्मे पैसे वाचले खरे, पण निम्म्या डिपॉझिटमध्ये खोली कोण देणार? पडत्या भावात शेअर विकायला हे तयार नव्हते, आणि महिना संपत आला होता. लेक तोंड पाडून मालकाला नकार कळवायला निघाली. मी भावजींना हाक मारली. "तुम्हीही चला. तुम्हाला भिंती बघायची हौस आहे ना?"

भावजींनी खोलीभर टकटक केली. मागच्या भिंतीशी थबकले, कान लावला, तळवा टेकला.

"मालक, इथे हात ठेवा."

मालकाने ठेवला आणि लगेच काढला. "नवा रंग आहे हो."

"रंग नवा आहे म्हणूनच विचारतोय. आत नळ गळतोय. सलूनवाल्याला सांगितलंत का? की मी सांगू?"

मालक घुटमळला, घाम पुसला, सलूनवाल्याच्या दुकानाकडे एकदा बघून आला. शेवटी दुरुस्ती आम्ही करायची आणि डिपॉझिट निम्मं घ्यायचं, यावर आला.

"दुरुस्ती माझ्याकडे," बाहेर पडताना भावजी लेकीला म्हणाले. "पैसे नकोत. भिंतीवरून एकदा चुकलोय मी."

दवाखान्याचे पहिले पेशंट हेच. टेबलावर पालथे, हनुवटीखाली उशी, हातात फोन.

"आज भाव जरा..."

"हलू नका, बाबा. कारखान्याला पाच वर्षं लागतील, कंबरेला तीन आठवडे. रोज यायचं."

"बापाकडून फी घेणार?"

"घेणार तर! विस्तार चालू आहे. लाभांशाचं पुढे बघू."

मागे भावजी गिलावा करत होते. त्यांनी थापी थांबवली, भिंतीवर टकटक केलं आणि कान लावून बराच वेळ ऐकत राहिले.

ह्यांनी मान न वळवता फोन माझ्यापुढे धरला. मी तो बंद करून पिशवीत टाकला.