चढावरची चकती

चढाच्या माथ्यावर, बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या आवारात, बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांची रांग लागली होती. रांगेच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत बॅटरीमहाराज बसले होते. अंगात पांढरा कोट, गळ्यात वायरींची माळ. समोर आलेल्या रिक्षाच्या बॅटरीवर ते तांब्याची चकती ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थोड्याच वेळात गाडीच्या पडद्यावर चार्जच्या उतरलेल्या कांड्या वर चढायच्या. वायर नाही, प्लग नाही. लोक हात जोडायचे आणि चकती विकत घ्यायचे.

"लिथियम धातू नाही, चैतन्य आहे," महाराज सांगत होते. "तुमचे आयन झोपलेत, मी त्यांना हाक मारतो. कंपनीवाले याला फास्ट चार्जिंग म्हणतात, आम्ही कृपा म्हणतो."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. असले महाराज पाहून पाहून आता रागही येत नाही, नुसता शीण येतो. एरवी मी मान खाली घालून निघून गेलो असतो. पण रांगेत माझी थोरली बहीण होती.

ताई रिक्षा चालवते. गाडी चार्जिंगला लावली की तेवढा वेळ धंदा बुडतो, त्यामुळे तिला या चकतीचा मोठाच आधार वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, डायलिसिसला न्यायचं होतं. दवाखाना डोंगरापलीकडे, वाटेत वस्ती नाही. आता चकती मिळणार, तेव्हा रात्री गाडी चार्जिंगला लावायची नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

मी वाद घातला नाही. वाद घालून कुणी शहाणं झालेलं मी पाहिलेलं नाही. एवढंच म्हणालो, "ताई, एकदा खाली जाऊन चढ चढून ये आणि महाराजांपासून लांब, त्या भिंतीपाशी थांब. चकती मग घे."

लहानपणापासून तुझं हे असंच, असं पुटपुटत ती गेली. वर आली तेव्हा पडद्यावर एकच कांडी उरली होती. गाडी बंद करून आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. घरच्या चार गोष्टी झाल्या. मग तिनं पडदा पुन्हा चालू केला. कांड्या वर चढल्या होत्या.

मी सांगितलं, "हा पडदा बॅटरीत किती वीज उरली ते मोजत नाही, तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज मोजतो. चढावर जोर लागला की दाब पडतो, थांबलं की सावरतो. जिना चढून आल्यावर धाप लागते ना, तसं. बसलं की धाप ओसरते, पण पोट भरत नाही. म्हणून तर हे महाराज माथ्यावर बसतात. इथून कुठंही जा, उतारच. गाडी बंद पडते ती लांब जाऊन, आणि तेव्हा दोष तुमच्या श्रद्धेचा."

आजूबाजूचे रिक्षावाले गोळा झाले होते. महाराज खुर्चीतूनच हसले. "आमची शक्ती आवारभर पसरलेली असते, मास्तर. त्या भिंतीपर्यंतही पोचली."

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, आता घरी जावं.

"मग चकती कशाला विकता?" ताईनं विचारलं.

महाराजांनी डोळे मिटून घेतले. एकदोघं रांगेतून बाहेर पडले. बाकीचे तिथंच उभे राहिले, हेही सांगायला हवं.

घरी आल्यावर ताईनं गाडी चार्जरला लावली आणि पायरीवर बसली. "उद्या त्या डोंगरात बंद पडली असती, तर अण्णांना घेऊन मी कुणाला हाक मारणार होते रे?"

बॅटरी लवकर भरणारे चार्जर आहेत, पण वीज त्यांनाही तारेतूनच घ्यावी लागते. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर तो माणूस आणि त्याची वस्तू बाजूला ठेवून तेच एकदा करून बघा. तरीही तसंच घडलं, तर त्यात त्या माणसाचं काही नाही, घरी या. आपल्या माणसाला गाडीत बसवण्याआधी एवढं तरी बघा.