पिशवीसाठी थांबणारी बाई

हातातला गॉगल उंच नाचवत मास्तर विमानाकडे धावत सुटले. फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा, त्यानं अडवलं नाही. समोर चार जणांचं छोटंसं विमान धडधडत उभं होतं आणि ते चालवायला बसली होती मास्तरांची बायको. सकाळचं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर, आणि गॉगल राहिलेला घरी ओट्यावर. आपण तिला लांबूनच दिसावं म्हणून मास्तर सरळ समोरून निघाले.

आता, विमानाजवळ शेपटीच्या बाजूनंच यायचं, पुढचा पंखा फिरायला लागला की दिसेनासा होतो, हे तिनं लग्न झाल्यापासून इतक्यांदा बजावलं होतं, की मास्तरांनी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण घाईच्या वेळी माणसाची अक्कल कुठे चरायला जाते कोण जाणे.

तिची एक खोड मात्र साऱ्या विमानतळाच्या थट्टेचा विषय होती. समोर काहीही हललं की ही इंजिन बंद करणार. कधी कावळा, कधी वर्तमानपत्राचा कागद, मागच्या आठवड्यात तर साधी प्लास्टिकची पिशवी. पिशवी गेली भिरभिरत, आणि हिची पुन्हा सगळी तपासणी, पुन्हा 'पंख्यापासून लांब' अशी आरोळी, मग कुठे इंजिन सुरू. त्या दिवशी विमानाच्या मालकाची मोठी बैठक हुकली. त्यानं तोंडावर सांगून टाकलं, "मॅडम, पुन्हा पिशवीसाठी थांबलात तर मी दुसरा वैमानिक बघीन."

घरी मास्तरांनीही तिला सोडलं नव्हतं. बाजारातून आले की दारातूनच पिशवी हलवून विचारायचे, "येऊ का आत, की इंजिन बंद करतेस?" ती हसायची. पण नोकरीची धास्ती तिला जेवू देत नव्हती, हे त्यांना दिसत होतं.

आज मालक मागच्याच सीटवर बसला होता.

अचानक धडधड थांबली. धावण्याच्या भरात मास्तर आणखी चार पावलं पुढे गेले. मग समोरच्या रिकाम्या हवेत पंख्याची पाती दिसू लागली, हात लांब केला तर लागतील इतकी जवळ. मास्तर जागच्या जागी थबकले.

मालक दार उघडून तणतणत उतरला.

"आता काय? परत पिशवी?"

त्याला पंख्यापुढे उभे असलेले मास्तर दिसले आणि त्यानं दाराची कड घट्ट धरली.

मास्तर लांबून वळसा घालून शेपटीकडून तिच्या दारापाशी गेले. गॉगल तिच्या हातात दिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले,

"मला बघून घाबरलीस ना?"

ती अजून इंजिनाची किल्ली मुठीत आवळून बसली होती.

"तू आहेस हे दिसलंच नाही रे. नुसतं ऊन होतं डोळ्यांवर. काहीतरी हललं, एवढंच कळलं." तिनं मालकाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला वाटलं, पिशवीच आहे."

मास्तरांना तिचा फार अभिमान वाटला.

मालकानंही ते ऐकलं होतं. तो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि पट्टा बांधता बांधता म्हणाला, "सावकाश होऊ द्या, मॅडम."