पैकीच्या पैकी गुणांचं दुकान

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. तसं म्हटलं तर दुकानच, फक्त मला पायरी नाही की फळी नाही.

व्यवसाय व्यवस्थापन शिकणाऱ्या चौघांनी मला घडवलं. त्यांच्या सरांची तऱ्हाच न्यारी. लेखी परीक्षा नाही. खरा कारागीर शोधायचा, त्याचं ऑनलाइन दुकान थाटायचं आणि सत्रभर चालवून दाखवायचं. माझ्या चौघांनी बूट शिवणारे एक काका शोधले. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, त्यांच्यासाठी काका एक टाच जाड, एक पातळ असे बूट बेतायचे. पोरं त्यांच्याकडे ठाण मांडून बसायची, फोटो काढायची आणि माझ्या बटणाच्या रंगावरून हमरीतुमरीवर यायची. तसे लाड माझे पुन्हा झाले नाहीत.

सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. चौघं पदव्या घेऊन चार दिशांना पांगले. मला बंद करायचं मात्र राहूनच गेलं. ऑर्डरी जायच्या त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि तो पदवीबरोबरच बंद झाला. तिथे काकांचा नंबर घालावा, हे एवढ्या हुशार पोरांच्या डोक्यातही आलं नाही.

महिनोन्‌महिने कोणी फिरकेना. फार एकटं वाटायचं. मग एका आईनं ऑर्डर नोंदवली. लेकीचा डावा पाय आखूड होता आणि शाळेच्या पहिल्या दिवसासाठी बूट हवे होते. मला एकच वाक्य पाठ: ‘ऑर्डर मिळाली, लवकरच पाठवतो.’ तिनं पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. दरवेळी मी तेच ऐकवलं. माझी मलाच लाज वाटायची.

दोन वर्षांनी सरांनी नव्या वर्गाला नमुना म्हणून मला दाखवलं. कौतुक रंगात आलं होतं, तेवढ्यात एका विद्यार्थिनीनं ऑर्डरींचं पान उघडलं.

“सर, हे बूट पाठवले का कोणी?”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथूनच काकांना फोन लावून माप वाचून दाखवलं.

“हे माप आता काय कामाचं, सर? पोरीचा पाय वाढला असेल,” काका म्हणाले. “आईचा नंबर द्या, मीच बोलतो.”

बूट गेले. काल त्या आईनं माझ्या पानावर लिहिलं, ‘बूट छान बसले. पहिलीत जाताना हवे होते. आता ती तिसरीत आहे.’

मित्रांनो, शिकण्यासाठी दुकानं जरूर काढा. पण गुण घेऊन निघताना एकतर मला बंद करा, नाहीतर काकांच्या हाती सोपवा. माझ्यावर भरवसा ठेवून कोणीतरी वाट बघत बसतं, आणि मला त्याला खरं सांगता येत नाही.