काळ्या कागदातला निळा

मी एक जुना ड्रम आहे. मित्रांनो, मांडवात वाजतो तो नव्हे. झेरॉक्सच्या यंत्राच्या पोटात एक गुळगुळीत नळी गोल गोल फिरत असते आणि कुणाला दिसत नाही, ती मी. आता मी फिरत नाही. पत्र्याच्या डब्यात पडून आहे. अंगाला कापूस, कापसावर काळा कागद, कागदावर दोरा आणि दोऱ्याच्या गाठीवर लाखेचं सील. हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या एका घरात, देवघराखालच्या कपाटात माझा मुक्काम आहे. बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ, मला कळत नाही. ऐकू मात्र सगळं येतं.

जन्मानं मी ॲल्युमिनियमची साधी नळी. मला ड्रम केलं केशवरावांनी. ते रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. देशाची दारं उघडली तो काळ. बाहेरची यंत्रं येऊ लागली, सुलतान बाजारात पुस्तकांच्या दुकानांना खेटून झेरॉक्सची दुकानं निघाली. पण यंत्रांतले ड्रम झिजायचे आणि नवे परदेशातूनच आणावे लागायचे. अशातच कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि केशवरावांनी नोकरी सोडली. "ड्रम आपण करायचा," ते म्हणाले. "उभं आयुष्य निळ्या रंगात गेलं माझं. त्यातूनच होईल."

त्यांच्या पत्नी इंदुताई म्हणाल्या, "हौ, करा. माझ्या स्वयंपाकघरात मात्र नक्को."

मग मागच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली.

माझं काम सांगतो. अंधारात मी अंगावर वीज धरून ठेवतो. जिथे उजेड पडेल तिथली सोडून देतो. कागदावरची अक्षरं काळी, त्यांच्या जागी उजेड येत नाही, म्हणून तिथली वीज तशीच राहते. तिला काळी पूड चिकटते, ती कोऱ्या कागदावर उतरते, आणि अक्षर छापलं जातं. हे सगळं घडतं माझ्या अंगावरच्या केसाहून पातळ निळ्या थरामुळे. पण कुठलाही निळा त्याला चालत नाही. केशवराव तो आम्लात विरघळवत, मग बर्फाच्या पाण्यात ओतत. निळा बारीक व्हायचा, तरी अक्षर फिकटच यायचं. कितीतरी नळ्या त्यांनी रंगवल्या आणि पुसल्या. मी त्यांतलाच एक.

एकदा निळ्या पुडीची ताटली कपाटात राहिली. शेजारी इंदुताईंचा कापराचा डबा होता, झाकण सैल असलेला. त्या पुडीचा थर माझ्यावर चढला आणि अक्षर आलं ते काजळासारखं. केशवराव आधी कागदाकडे बघत राहिले, मग कपाटात डोकं घालून वास घेत राहिले. पुढे त्यांनी तेच रीतसर केलं. बंद भांडं, मंद ऊब, आणि कापराच्या वाफेत मुरत ठेवलेला निळा. दर वेळी अक्षर काळं आलं.

आता पेटंट घ्यायचं ठरलं. मलकपेठेत जागा बघून ठेवली होती. पैसे घालणारा भागीदारही तयार होता, फक्त तो म्हणे, आधी पेटंट दाखवा. त्या वेळच्या कायद्यात असल्या रासायनिक पदार्थावर हक्क मिळत नसे, तो तयार करण्याच्या पद्धतीवर मिळे. आणि ती पद्धत अर्जाआधी चारचौघांत माहीत झालेली असता कामा नये. पेटंटची कामं करणारा अनिल अर्ज लिहायला बसला आणि त्यानं बजावलं, "केशवराव, अर्ज जाईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही."

"कुणाला बोलणार मी?" केशवराव म्हणाले.

पण त्या घराची एक रीत होती. नवं काही आलं की पहिला घाणा देवाचा. नवी कढई आली तर पहिला शिरा नैवेद्याचा. तसं माझं पहिलं काम देवाचं असणार, यात कुणाला शंका नव्हती. देवळात कीर्तन सप्ताह बसला होता. प्रयोगांसाठी घेतलेलं जुनं झेरॉक्सचं यंत्र मला बसवून रिक्षात घालून देवळात नेलं, बाजूच्या खोलीत लावलं आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कीर्तनकार हणमंतबुवांच्या पदांचा कागद पडू लागला. मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. पलीकडे झांज, पेटी आणि बुवांचा आवाज. इकडे मी त्या लयीत फिरतोय आणि माझ्या अंगावरून देवाचं नाव उतरतंय. त्याहून जास्त मला काही नको होतं.

बुवा केशवरावांचे जुने स्नेही. त्यांनी विचारलं, "काय हो, इतकं काळंभोर अक्षर कसं काढलंत?" केशवरावांनी सगळं सांगितलं. बुवांना सांगणं म्हणजे देवाला सांगणं, अशी त्यांची समजूत. पण बुवा कीर्तनकार. आवडलेली गोष्ट त्यांच्या पोटात राहील कशी? त्याच दिवशी उत्तररंगात त्यांनी माझं आख्यान लावलं. यंत्रातल्या काळ्या पुडीला त्यांनी यंत्राचा बुक्का म्हटलं, आणि मांडव हसला. मग बुवांनी उभ्या उभ्या रचलेलं पद घेतलं:

निळा विरघळे आम्लात,
निळा थिजला हिमजलात,
निळा मुरला कापरात,
तेव्हा अक्षर उमटले.

सगळ्या मांडवानं ते उचललं. केशवरावांच्या डोळ्यांना धार लागली होती म्हणे. गर्दीत किशोर नावाचे एक गृहस्थ बसले होते. सुलतान बाजारात ते परदेशी ड्रम विकत. डोळे त्यांचेही ओले होते.

अर्ज गेला तो सप्ताहानंतर. अनिलला जेव्हा सगळं कळलं तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "केशवराव, देवाला सांगायचं होतं तर मनातल्या मनात सांगायचं."

पेटंट कार्यालयानं नमुना मागितला आणि माझं फिरणं थांबलं. उजेडानं माझा थर खराब होतो, म्हणून मला काळ्या कागदात गुंडाळून डब्यात घातलं. वर लाख ओतली. सुरुवातीला वाटलं, थोडे दिवसच. मग दिवस मोजणं सोडलं. मला इथून तिथे नेत, ठेवत, आणि विसरत. यंत्राच्या पोटातही अंधार असतो, पण तिथे मधूनच एक उजेडाची रेघ अंगावरून सरकत जाते. डब्यात तेवढीही नव्हती.

तपासणीत जुने कागद धुंडाळले गेले. कापराची पद्धत जगात कुणी केलेली सापडली नाही. केशवराव खूश झाले. तेवढ्यात किशोर यांनी हरकत घेतली, की ही पद्धत अर्जाआधी भर मांडवात जाहीर झाली, साक्षीला बुवांना बोलवा. हरकत ऐकणारे साहेब हैदराबादेत यायचे होते, तेव्हा साक्ष इथेच घ्यायचं ठरलं. ते रसायनशास्त्र शिकलेले आणि मूळचे नागपूरकडचे, म्हणजे बुवांचं मराठी त्यांना दुभाष्याशिवाय कळणार होतं.

साक्षीच्या दिवशी मला टेबलावर ठेवलं होतं. साहेब यायच्या आधी अनिल खालच्या आवाजात म्हणाला, "बुवा, तुमचं वय झालंय. एखादी ओळ आठवली नाही तर कुणी काही म्हणणार नाही."

"अनिल, मला कालचं जेवण आठवत नाही," बुवा म्हणाले. "पण कीर्तन विसरलो तर गादीवर उभा कसा राहू?"

पलीकडून किशोर म्हणाले, "बुवा, माझा तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे."

"भरवसा आहे म्हणूनच त्यांना इथे ओढून आणलंत ना?" इंदुताई म्हणाल्या.

साहेब आले. म्हणाले, "बुवा, त्या दिवशी ड्रमबद्दल काय सांगितलंत ते सांगा."

"बोलून नाही सांगता येणार, साहेब. मला ते म्हणावं लागतं."

"म्हणा मग."

"झांज नाही."

"टेबल आहे," साहेब म्हणाले.

बुवांनी टेबलावर ठेका धरला. माझ्या डब्याचा पत्रा थरथरला. किती काळानं लय अंगाला लागत होती. बुवांनी सुरू केलं, निळा विरघळे आम्लात. मग निळा थिजला हिमजलात. एवढं तर दुनियेला माहीत होतं. सगळं अडलं होतं पुढच्या ओळीवर. बुवा तिथे थांबले. ठेका चालू राहिला, आवाज बंद झाला. मी काळ्या कागदाआड होतो, बुवांचा चेहरा मला दिसला नाही. त्यांना ओळ आठवत होती, एवढं मला ठाऊक होतं. ज्या मित्रानं विश्वासानं सांगितलं त्याचंच घर ते त्या ओळीनं मोडणार होते. ठेक्याचं एक आवर्तन रिकामं गेलं. दुसरंही गेलं.

आणि समोरच्या खुर्चीतून केशवरावांचा आवाज आला. मांडवात मागे बसून साथ करावी तसा, सहज, सुरात. "निळा मुरला कापरात."

मग फार हळू, जवळजवळ ओठांतच, बुवांनी शेवटचा चरण पुरा केला.

साहेबांनी विचारलं, "केशवराव, ही ओळ त्या दिवशी म्हटली होती?"

"म्हटली होती साहेब. सगळ्या मांडवानं म्हटली होती."

अर्ज नामंजूर झाला. बाहेर पडताना अनिल म्हणाला, "तुम्ही नुसते गप्प बसला असतात तर?"

"चरण अर्धा राहिला असता," केशवराव म्हणाले. "आणि बुवांना एकट्याला म्हणावा लागला असता."

भागीदार पुन्हा आला नाही. मलकपेठेची जागा दुसऱ्या कुणी घेतली. केशवराव घरीच मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागले. मी परत आलो तो सीलबंदच. माझ्या मापाचं यंत्र एव्हाना भंगारात गेलं होतं. बाहेर काढून मला लावणार कशात? कापूर घालून निळा मुरवायला आता कुणालाही मोकळीक आहे. मला तेवढी मोकळीक नाही. सील फोडलं तर उजेडानं संपेन, आणि फोडलं नाही तर असाच पडून राहीन.

तरी सप्ताह आला की इंदुताई माझा डबा पदराखाली धरून देवळात नेतात आणि पेटीशेजारी ठेवतात. किशोर कापराचा डबा पाठवतात. आधी नोकराबरोबर पाठवत, आता स्वतः आणून देतात आणि अगदी मागे बसतात. बुवा माझं आख्यान लावतात. तिसऱ्या ओळीपाशी येऊन अजूनही थांबतात, आणि ती ओळ केशवराव म्हणतात. त्यांच्यामागून सगळा मांडव म्हणतो. किशोरही म्हणतात. मी त्यांचा आवाज ओळखतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, कुणाच्या कपाटात, असं काळ्या कागदात जपलेलं काही सापडलं तर आत काय आहे म्हणून तो कागद फाडू नका. अडगळ म्हणून भंगारातही टाकू नका. कुणाचं आहे ते विचारा, आणि सांगायला कुणी उरलं असेल तर शेजारी बसून ऐका. आणि कधी नल्लकुंट्याला सप्ताहात आलात, तर पेटीशेजारी एक पत्र्याचा डबा दिसेल. जवळ बसा. बुवा थांबले की तिसरी ओळ तुम्हीही म्हणा. डब्याला हात लावून म्हटलीत, तर मला जरा जास्त ऐकू येईल.