लाल अस्तराचे दोन ताके

"जाऊबाई, तुम्ही इथं पायरीवरच बसा. आत तासभर उभं राहून पाय भरून येतील," मी म्हणाले.

"बसते. पण ताका आतल्या पुठ्ठ्यापर्यंत उलगडून बघ. आणि लाल रंग आहे, कोपरा ओला केल्याशिवाय..."

"माहीत आहे हो मला."

"माहीत असतं गं. दुकानात शिरलं की माणूस विसरतं."

त्यांनी रुमाल पसरला, पायरीवर नीट बसल्या आणि मी काचेचं दार ढकलून आत गेले.

त्यांचे पाय दुखत नव्हते. दिवसदिवस उकिडवं बसून रजया टाचणारी बाई ती. पायांची तक्रार त्यांनी कधी केली नाही. मलाच त्या आत नको होत्या.

आम्ही दोघी जावा मिळून घराच्या मागच्या खोलीत रजया शिवायचो. कापणं, टाचणं आणि धुणं त्यांचं, मशीन माझं. त्यांनी पसंत केलेल्या कापडानं कधी दगा दिला नाही. पण पसंत करायची त्यांची रीत मला सोसवत नसे. ताक्याचं टोक सरळ तोंडात घालून ओलं करायचं, मग पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासायचं. मग कापड नाकाला लावून हुंगायचं. मग अख्खा ताका उलगडायला लावायचा, कुठे जोड आहे का, आतला रंग बाहेरच्यासारखाच आहे का ते बघायला. विक्रेते जांभया देत. मागच्या खेपेला त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला होता, "थुंकीबाई आल्या रे. लपव चांगला माल."

दुसरा म्हणाला, "मागच्या वेळी चाटलेला ताका अजून वाळतोय."

शेजारी कापड बघणाऱ्या दोन बायका तोंड फिरवून हसल्या. जाऊबाईंना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल तरी त्यांनी मनावर घेतलं नाही. माझे कान मात्र तापले. मी तेव्हा पस्तिशीची होते, चार बुकं शिकलेली. या बाईबरोबर आपण आलेलोच नाही असं दाखवत मी बटणांच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहिले होते.

म्हणून या खेपेला पायरी.

मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं होतं. तीस रजया, वरून पांढऱ्या, खालून लाल अस्तर. एवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. दुकानाच्या मालकांनी स्वतः खुर्ची दिली. "आज एकट्याच? बरं झालं," ते हसत म्हणाले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं. आपल्या माणसावर परक्याबरोबर हसले होते मी.

त्यांनी लाल कापडाचे दोन ताके समोर ठेवले. वरचा पदर हातभर उलगडून दाखवला आणि विचारलं, "पूर्ण उघडायचे का? तुम्ही जाणकार आहात, हात लावला की कळतं तुम्हाला."

मी कापडावरून जाणकारासारखा हात फिरवला आणि म्हणाले, "राहू द्या. बांधा."

बाहेर आले तेव्हा जाऊबाई उठून उभ्या राहिल्या.

"उलगडलेस?"

"हो."

"ओला केलास कोपरा?"

"केला हो. तुमच्यासारखं तोंडात नाही घातलं, पण केला."

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि जड ताका त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. हलका मला दिला.

पहिल्या सहा रजया आठवड्याभरात झाल्या. टाचताना आखलेल्या खडूच्या रेघा काढायला जाऊबाई रजया धुऊन मगच देत. एरवी नव्या कापडाची एकच रजई आधी धुवायच्या. या वेळी सहाच्या सहा एकदम हौदात घातल्या. का, ते मला वेगळं सांगायला नको. मी तपासलं होतं ना.

मी मशीनवर होते. मागच्या अंगणातून त्यांची हाक आली, "धाकटे, इकडे ये." आवाज मोठा नव्हता.

हौदातलं पाणी लाल झालं होतं. सहाही रजयांचा पांढरा भाग गुलाबी पडला होता, तोही सारखा नाही, ढगाढगांनी. जाऊबाई ओले हात समोर धरून उभ्या होत्या.

"थंडी होती म्हणून आज जरा कोमट पाणी घेतलं गं," त्या म्हणाल्या. "कोमट म्हणता म्हणता गरमच झालं असणार. माझं मेलीचं लक्ष कुठे होतं?"

मी काय म्हणाले ते लिहिताना आजही हात जड होतो. मी म्हणाले, "जाऊबाई, असं कसं केलंत?"

त्या आत गेल्यावर मी एक लाल चिंधी माठातल्या गार पाण्यात बुडवून तळहातावर घासली. तळहात लाल झाला. मी तो साबणानं दोनदा धुतला.

वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंना सांगायला जाऊबाई स्वतः गेल्या, मी बरोबर. "चूक माझी. कापड चांगलं होतं, हिनं पारखून आणलं होतं. मी गरम पाण्यात घातलं."

वॉर्डनबाई वाईट नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "होतं असं. वय झालं की अंदाज चुकतो."

जाऊबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या "हो" म्हणाल्या.

उरलेलं लाल कापड मी माळ्यावर टाकलं. "वसतिगृहात धुणं गरम पाण्यातच होतं, हे नको तिथं," असं कारण दिलं, आणि त्यांना ते पटलं. तपकिरी अस्तर आणायला मी एकटी गेले. सगळ्यांदेखत टोक तोंडात घातलं, पुठ्ठा दिसेपर्यंत उलगडलं. विक्रेते हसले असतील. मी वर बघितलं नाही.

काम पार पडलं. पुढे आमच्या रजयांना नावही झालं. पण जाऊबाईंनी धुणं माझ्याकडे दिलं ते कायमचं. दुकानात पुन्हा आल्या नाहीत. घरातला साधा टॉवेल धुवायचा तरी बादलीपाशी उभ्या राहून हाक मारायच्या, "कुणीतरी बोट घालून बघा गं, फार गरम तर नाही?" त्यांची मुलं चेष्टा करत. "आईला एक थर्मामीटर आणून द्या," म्हणत. ज्यांच्या हातावर घर डोळे मिटून विश्वास ठेवायचं, त्या बाईचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी काढून घेतला होता. तो एका वाक्यात परत करता आला असता. ते वाक्य बोलायला मला चाळीस वर्षं लागली.

गेल्या महिन्यात बोलले. जाऊबाई आता अंथरुणाला खिळल्यात, पण डोकं लख्ख आहे. मी आता वेगळी राहते, त्यांना भेटायला गेले होते. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघीच.

"जाऊबाई, त्या लाल कापडाचा रंगच कच्चा होता. मी ताका उलगडला नव्हता, ओलाही केला नव्हता. तुमचं पाणी गरम नव्हतं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"नव्हतं?"

"नव्हतं."

"मला वाटलंच होतं कोमट होतं म्हणून," त्या हळू म्हणाल्या. मग उजवा हात पांघरुणाबाहेर काढून त्यांनी बोटं उघडली, मिटली, परत उघडली. मी रागावण्याची वाट पाहत होते. त्या म्हणाल्या, "घाईत राहून गेलं असेल तुझं. मी बाहेर ताटकळत बसलेले, म्हणून लवकर उरकलंस. तुझा जीव माझ्या पायांत अडकलेला."

"तसं नव्हतं जाऊबाई..."

तेवढ्यात दार वाजलं. दर आठवड्याला रक्तदाब बघायला येणारी नर्स होती. जाऊबाई तिला म्हणाल्या, "ये गं. ही माझी धाकटी जाऊ. मी सांगते ना तुला नेहमी, माझे पाय दुखतील म्हणून भर बाजारात मला बसायला जागा करून देणारी, तीच ही. सख्खी बहीण नाही करणार एवढं."

"हो, कितीदा ऐकलंय," नर्स माझ्याकडे बघून हसली. "आजी, आता जरा गप्प राहायचं हं. कुणीच बोलू नका दोन मिनिटं."

तिनं पट्टा गुंडाळला, फुगवला, कानाला नळी लावली. हवा हळूहळू सुटत गेली. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या, समाधानानं. मी ते दुकान, तो काचेचा दरवाजा, ते दोन विक्रेते आणि बटणांचं काउंटर, सगळं सांगायचं म्हणून ओळीनं मनात मांडून ठेवलं.

"झालं," नर्स नळी काढत म्हणाली. "आता बोला."

मी विचारलं, "किती आहे?"