काळ्या पिशव्यांचा दिवस

कोच ओरेस्टनं पायानंच खुर्ची पुढं सरकवली.

"बस. पिशवी ठेव खाली."

पोरगा बसला, मान खाली घालून ऐकत राहिला आणि हात मिळवून गेला. सकाळपासून हेच चाललं होतं. हंगाम संपला की दुसऱ्या दिवशी कपाटं रिकामी करायची, सगळं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कोंबायचं आणि जाता जाता कोचचे चार शब्द ऐकायचे, ही आइस हॉकीतली जुनीच रीत. काल मालिकेच्या सातव्या आणि शेवटच्या सामन्यात, जादा वेळेत, संघ एका गोलानं हरून स्पर्धेबाहेर गेला होता. ओरेस्टचा घसा बसला होता. गुडघ्यांबद्दल तर बोलायचीच सोय नव्हती.

संघाचा व्यवस्थापक लाइल कॉफीचा पेला घेऊन आत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"मालकांना आज उत्तर हवंय, ओरेस्ट. जुने सगळे खेळाडू विकून आपण ही पोरं आणली, त्याला पाच वर्षं झाली. जमलं का ते?"

"काल पाहिलंस की."

"काल हरलो आपण."

"मग मला कशाला विचारतोस?"

"सरळच सांगतो. नाही जमलं म्हणालास, तर निम्मी पोरं विकायची आणि पुन्हा नवी आणायची. पोरं घडवायला तुझ्यासारखा हात नाही, तेव्हा तुझी तीन वर्षं पक्की. जमलं म्हणालास तर..." लाइल पेल्यात बघत राहिला. "तर करंडक जिंकून देणारा मोठा कोच आणायचाय त्यांना."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! ओरेस्ट एकसष्ट वर्षांचा. या वयात दुसरीकडून बोलावणं येणार थोडंच? 'पोरं अजून कच्ची आहेत' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही.

बाहेर पोरांचे आवाज चढले.

"पकची चकती माझ्याकडून सुटली, डॅलिन. तू का उगाच स्वतःवर घेतोस?"

"गप रे! त्यांच्या त्या माणसाला अडवायचं माझ्याकडे होतं. मीच मोकळा सोडला त्याला."

"बरं बाबा, दोघंही गाढव! झालं समाधान?"

ओरेस्ट ऐकत राहिला. पहिल्या वर्षी हरलं की हीच पोरं एकमेकांच्या नावानं शिमगा करायची. एकदा तर हेल्मेट फेकून मारण्यापर्यंत मजल गेली होती. त्याला भरून आलं, आणि भरून आलं याचा रागही आला.

"जमलं," तो म्हणाला.

"घाई करू नकोस. घरी बायकोशी बोल."

"जमलं म्हणतोय ना! यातला एकही विकू नका."

लाइलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तसाच बाहेर गेला.

मग डॅलिन आला. बावीस वर्षांचा कप्तान, पण डोळे लहान मुलासारखे सुजलेले.

"कोच, उन्हाळ्यात काय करू?"

"डावीकडे वळताना तोल जातो तुझा. तेवढं सुधार. आणि घरी जाऊन आईच्या हातचं खा जरा, पार काडी झालीये तुझी."

"सुधारतो. सप्टेंबरमध्ये बघाच तुम्ही."

"बघणार तर," ओरेस्ट म्हणाला. "तिकीट काढून येईन."

डॅलिन सकाळपासून पहिल्यांदाच हसला. कोचचे विनोद असेच कोरडे असायचे.

"जाताना पुढच्याला पाठव," ओरेस्ट म्हणाला.